वाळूत की वाळत

हरिगोलात पाय टाकण्याआधी वहाणा काढाव्यात. नालाच्या असोत की साध्या, काढाव्यात आणि हातात धराव्यात. ज्याला वहाणा हातात धरायची लाज वाटते त्यानं खुशाल काठावर बसावं. भीमेकाठच्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. पण माझ्या अक्काचा थोरला दीर भीमेकाठचाच होता आणि आमच्या हरिगोलात तो नालाच्या वहाणा घालून, टाचा आपटत चढायचा. त्या माणसावरचा माझा राग अजून उतरलेला नाही. मी म्हातारी झाले, तो तर कधीच गेला, तरी नाही. तेव्हा हरिगोल कसा वापरावा हे सांगताना तो मधेमधे येणारच, त्याला माझा इलाज नाही.

आमचं गाव अफजलपूरच्या बाजूला, भीमेच्या काठावर. मोगलाई होती तेव्हाची ही गोष्ट. आमचा काठ निजामाचा आणि समोरचा इंग्रजाचा. आमचं थोडं रान पलीकडच्या काठाला होतं, म्हणून अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, घरचा हरिगोल ठेवला होता. ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. वेळूच्या कामट्यांची भली मोठी गोल टोपली आणि तिला बाहेरून शिवलेलं म्हशीचं कातडं, एवढीच ती नाव. तिला ना पुढचं टोक ना मागचं. वल्हं मारता येत नसेल तर ती जागच्या जागी गिरक्या घेते आणि आत बसलेल्याला मळमळायला लागतं.

अप्पांना आम्ही दोघी मुलीच. थोरली अक्का, धाकटी मी. अक्का समोरच्या काठावरच्या गावात दिली होती. दिवाळीला नदी अजून भरलेली असते, चालत उतरता येत नाही, म्हणून तिला आणायला अप्पा आणि मी हरिगोल घेऊन जायचो. लग्नानंतरच्या पहिल्या भाऊबीजेला आम्ही तिला आणलं. आई घाटावर ताट घेऊन उभी होती. अक्का उतरली, आईनं ताट पुढं केलं. भाऊ नाही, तर ओवाळायचं कुणाला? अक्कानं मागं वळून हरिगोलाकडं पाहिलं. त्याच्या काठाला कुंकू लावलं आणि त्यालाच ओवाळलं.

"मला आणाया ह्योच आला की," ती म्हणाली.

आई आधी हसली, मग पदर डोळ्यांना लावला. तेव्हापासून आमच्याकडं भाऊबीज म्हणजे हरिगोलाची ओवाळणी. घाटावर धुणं धुणाऱ्या बायका चिडवायच्या, "तुमचा भाऊ लई गोल हाय गं!" आम्हीही हसायचो. कातडं नवं शिवलं की अक्का निरोप पाठवून विचारायची, भावाचे कपडे कसे झाले म्हणून.

आता सामानाचं सांगते. सामान फार लागत नाही. एक वल्हं, बाभळीचं असलं तर उत्तम, आणि त्याची मूठ आपल्या हाताला बसेल अशी घासून घेतलेली. आत शिरलेलं पाणी उपसायला वाळलेल्या भोपळ्याचा तुंबा. तो दोरीनं आतल्या कामटीला बांधून ठेवावा, नाहीतर नेमका लागेल तेव्हा तोच वाहून जातो. बुडाला अंथरायला कडबा. माणूस कातड्यावर थेट बसत नाही, कडब्यावर बसतो. बायकांनी जोडवी जपावीत, टोकदार काही कमरेला खोचलेलं असेल तर काढावं. आणि करंजाचं तेल घरात नेहमी असू द्यावं. कातड्याला आतून-बाहेरून ते चोळलं की कातडं मऊ राहतं, शिवाय कडू असल्यामुळं कुत्री आणि उंदीर त्याला तोंड लावत नाहीत.

पाण्यात घालताना घाई करायची नाही. हरिगोल खडकावरून ओढत न्यायचा नाही. डोक्यावर पालथा घेऊन जायचा, आणि जिथं उतरायचं त्याच्या समोरून निघायचं नाही. धार आपल्याला खाली नेणारच, म्हणून आधी काठानं बरंच वर चालत जायचं. तिथं उथळ पाण्यात तो नुसता टेकवून ठेवायचा आणि आपण काठावर पान खात बसायचं. अप्पा म्हणायचे, "आदी त्येला पाणी पिऊ द्या, मग आपुन बसावं." कातडं भिजून मऊ झालं, शिवण फुगून बंद झाली, की मगच माणसं. जड माणसानं मधोमध बसायचं. वल्हं मारणाऱ्यानं गुडघ्यावर बसून पाणी स्वतःकडं ओढायचं, आणि बाकीच्यांनी तोंड बंद ठेवायचं. अक्काच्या दिराला यातलं शेवटचं कधीच जमलं नाही.

तो काळा, उंच, मिशीला तेल लावणारा. घरात त्याचा शब्द म्हणजे शेवटचा. अक्काचा नवरा, आमचे दाजी, स्वभावानं गरीब, थोरल्या भावापुढं मान वर करत नसत. एका वर्षी या दिरानं समोरच्या घाटाचा गुत्ता घेतला, म्हणजे माणसं आणि माल नेण्या-आणण्याचा ठेका. लाकडाची मोठी नाव आणली. मग त्याला आमचा हरिगोल खुपायला लागला. आम्ही आमच्याच नावेनं आलो-गेलो की त्याचं तोंड वाकडं. त्यात अक्का माहेरी निघाली की त्याच्या घरी दळायला माणूस नाही. दिवाळी म्हणजे रब्बीची पेरणी, गडी माणसं जेवायला, आणि त्याची स्वतःची बायको जात्याला हात लावत नसे. पण सून भाऊबीजेला माहेरी जाते, तिला 'नाही' कसं म्हणायचं? लोक काय म्हणतील? म्हणून तो निमित्त शोधत होता.

आता ठेवण्याचं सांगते, कारण तिथंच सगळं झालं.

हरिगोल पाण्याबाहेर काढला की झाडाच्या सावलीत, ओलसर वाळूत पालथा ठेवायचा. काठ वाळूत थोडा दाबायचा म्हणजे वारं खाली शिरून तो उडवत नाही, आणि खालून गारवा मिळत राहतो. उन्हाची वेळ असेल तर वर ओलं पोतं टाकायचं. खडकावर ठेवायचा नाही, चुलीजवळ नाही, आणि उन्हात तर कधीच नाही. दिवाळीच्या दिवसांतलं ऊन आमच्याकडं वैशाखाला मागं सारतं. त्या उन्हात भिजलेलं कातडं ठेवलं की ते आक्रसतं, शिवणीची भोकं फाटतात आणि मग त्याच्यावर कुठलंही तेल चालत नाही.

त्या भाऊबीजेला आम्ही सकाळीच पलीकडं गेलो. दीर घाटावरच होता. एवढ्या गोडीनं तो कधी बोलला नव्हता. "चला मामा, आदी जेवून घ्या. हरिगोलाचं मी बघतो. कुटं ठिवू?"

अप्पा म्हणाले, "वाळूत ठिवा."

मी तिथंच उभी होते. अप्पांचा आवाज खणखणीत होता. 'वाळूत' म्हणताना त्यांनी हातानं करंजाखालची वाळू दाखवलीसुद्धा.

आम्ही जेवलो. अक्कानं बोचकं बांधलं, केसात फूल माळलं, सासूच्या पाया पडली. तिघं घाटावर आलो. हरिगोल करंजाखाली नव्हता. तो वरच्या काळ्या खडकावर, भर उन्हात, कातडं आभाळाकडं करून ठेवला होता. अप्पांनी त्याच्यावर बोटांनी टकटक केलं. हलगी तापवल्यावर वाजते तसा आवाज आला. एका बाजूची शिवण हातभर उसवली होती आणि बुडाला आडवी चीर गेली होती. अप्पा खाली बसले. मग त्यांनी विचारलं, "उन्हात कामून ठिवलाव पाव्हणं?"

तो हसला. घाटावर चार माणसं होती, त्यांच्याकडं बघून हसला. "तुमीच म्हणलाव की, वाळत ठिवा. मी वाळत ठिवलो. आमी कानडी मुलखातली मानसं मामा, तुमची मराठी आमाला काय कळतीय?"

कानडी मुलखातली माणसं! त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी होती. पाळण्यात मराठी, भांडणात मराठी. कानडी त्याला येत होती तशी ती आम्हालाही येत होती, बाजारापुरती. आणि गुत्ता घेऊन नाव चालवणाऱ्या माणसाला कातडं उन्हात ठेवू नये हे माहीत नाही, हे घाटावरच्या कुत्र्यानंही मानलं नसतं. पण मुलीकडची माणसं आम्ही. अप्पा उसवलेली शिवण चाचपत राहिले. अक्का म्हणाली, "मग नावंनं जाऊ." तेव्हा दिरानं आभाळाकडं पाहिलं आणि सांगितलं, "नावंत जागा न्हाई. आन्‌ तुज्या घरची नाव फुटली म्हंजी तुझा भाऊच न्हाई आला की. फुडल्या साली बघू."

त्याला ओवाळणीची गोष्ट माहीत होती. म्हणूनच तो असं बोलला. अक्काचा चेहरा मी त्या दिवशी पाहिला आणि मनात म्हटलं, याचं हे मी याला परत देणार, व्याजासकट देणार. तेव्हा माझं लग्नही ठरलं नव्हतं, अंगात रग होती आणि घरात माझ्या जिभेला सगळे घाबरत.

फुटका हरिगोल त्याच्याच नावेत टाकून आम्ही परत आलो. तिच्यात आमच्यासाठी जागा होती, अक्कासाठी नव्हती.

त्यानंतर लगेच आईनं अंथरूण धरलं. नदी उतरायला अजून अवकाश होता. अप्पांनी निरोपावर निरोप धाडले. दीर उत्तर पाठवायचा, नावेला डांबर लावायलोय, आता नाव सुटत नाही. आई दुसरं काही मागत नव्हती. अक्का, अक्का, एवढंच. शेवटी आम्ही तिला बाजेवर घालून घाटावर नेलं. पलीकडं अक्का आली होती, दाजींनी चोरून आणलं होतं तिला. हिरवं लुगडं दिसत होतं, चेहरा दिसत नव्हता. अक्का काहीतरी ओरडत होती, पण वारा उलटा होता. आईनं हात वर केला. "ताट आना गं," ती म्हणाली, "पोर येईल आता." ती आली नाही, येणार कशानं? आई त्याच आठवड्यात गेली. नदीपलीकडच्या लेकीला आईचं तोंड दिसलं नाही, आणि तेही एका कातड्यापायी. माणसाला क्षमा करावी असं मला पुष्कळांनी सांगितलं आहे. सांगणाऱ्यांपैकी कुणाचीही आई त्या बाजेवर नव्हती.

नवा हरिगोल अप्पांनी आणि मी मिळून केला. अप्पांचा हात आता कापायला लागला होता, म्हणून शिवणीची चामड्याची वादी ओढण्याचं काम माझ्याकडं आलं. मी प्रत्येक टाक्याला त्या माणसाचं नाव घेऊन ओढायची. अप्पा म्हणायचे, "आगं हळू, वादी तुटंल. राग घालू नगंस त्येच्यात." मी म्हणायची, "रागानंच पाणी आडतंय अप्पा, बघा तुमी." आणि खरं सांगते, तो हरिगोल कधी थेंबभरही गळला नाही. वल्हं मारायलाही मी त्याच पावसाळ्यात शिकले. पहिल्यांदा गिरक्या खाऊन ओकले, मग जमलं.

पुन्हा दिवाळी आली. या वेळी मी नुसती वाट बघत बसले नाही. दिराची नाव आमच्या घाटाला लागायची तेव्हा कडब्याच्या पेंड्यांखाली साखरेची पोती असायची. इंग्रजी मुलखातला माल मोगलाईत आणायचा तर करोडगिरीच्या नाक्यावर जकात द्यावी लागे, ती हा बुडवायचा. हे सगळ्या घाटाला माहीत होतं, बोलत कुणी नव्हतं. मी बोलले. नाक्यावरच्या म्हाताऱ्या शिपायाला जाऊन म्हटलं, "चाचा, वो बडी नाव में कडबे के नीचे देखो." लोक मला नंतर विचारायचे, तूच सांगितलंस का? व्हय, मीच. पुन्हा वेळ आली तर पुन्हा सांगेन.

पाडव्याला नाव पकडली. माल उतरवला, नावेला साखळदंड घातला आणि तिला नाक्यापुढं बांधून टाकलं. दीर नावेतच होता. तो सुटला, नाव अडकली. आणि भाऊबीजेच्या सकाळी तो आमच्या काठावर, घर त्याच्या समोरच्या काठावर, आणि मधे भरलेली भीमा. घाटावर दुसरं साधन म्हणजे आमचा हरिगोल.

तो आमच्याकडं आला. मिशीला तेल नव्हतं. "पोरी," तो म्हणाला, "मला पलीकडं सोड. घरी भैनी आल्यात. ओवाळायला वाट बघायल्यात."

मी म्हटलं, "सोडते की पाव्हणं. बसा वाळूत. आदी हरिगोलाला पाणी पिऊ द्या."

तो बसला. मी हरिगोल डोक्यावर घेतला आणि काठानं वर चालू लागले. वर जाऊन तो पाण्यात टेकवला, कातडं भिजू दिलं, आणि मग एकटीच आत बसून सुटले. तो उठून उभा राहिलेला मला धारेतून दिसला. त्यानं हात हलवले, ओरडला. या वेळी वारा माझ्या बाजूनं होता, शब्दन्‌शब्द ऐकू आला, आणि मी वल्हं मारत राहिले.

दोन्ही काठांवर फिरणाऱ्या कासाराकडून मी अक्काला आधीच निरोप धाडला होता. ती बोचकं घेऊन घाटावर उभी होती. घरात तिला अडवणारा होता तो तर माझ्या काठावर होता. दाजी तिच्याबरोबर आले होते. त्यांनी गुडघाभर पाण्यात उतरून हरिगोल धरला, अक्काला हात देऊन चढवलं आणि मला म्हणाले, "संबाळून ने. न्याया मीच येईन, माझ्या पायानं." तेवढं बोलायला त्यांना थोरला भाऊ नदीपलीकडं असावा लागला. पण बोलले. अक्कानं वहाणा हातात घेतल्या होत्या. कडब्यावर मधोमध बसली. वाटेत मला वल्हं मारायचं होतं आणि तिला रडायचं होतं.

आमच्या घाटाला लागलो तेव्हा आईच्या जागी अप्पा ताट घेऊन उभे होते. आईचंच ताट. घाटावर बायकांची गर्दी झाली होती. दीर पाण्याच्या काठाशी येऊन थांबला होता, ऊन डोक्यावर आलेलं, आणि त्यानं आपल्या नालाच्या वहाणा काढून हातात धरल्या होत्या. आयुष्यात पहिल्यांदा. हरिगोलात बसायची तयारी.

अक्कानं त्याच्याकडं बघितलं नाही. तिनं ताट घेतलं, हरिगोलाच्या काठाला कुंकू लावलं, सावकाश ओवाळलं, आणि आईची बाज ठेवली होती त्या जागेकडं एकदा पाहून पुन्हा ओवाळलं. कुणी चिडवलं नाही. ओवाळून झाल्यावर मी हरिगोल उचलला, आमच्या काठावरच्या करंजाखाली नेला, ओल्या वाळूत पालथा घातला आणि काठ दाबून बसवला.

दीर जवळ आला. "आता मला सोडतीस नव्हं?"

"आज न्हाई सुटायचा पाव्हणं," मी म्हटलं. "वाळत ठिवलाय."

त्याचा पारा चढला. एवढ्या माणसांत तो ओरडला, "वाळत कुटं? वाळूत ठिवलीस की!"

 धुणं बडवणाऱ्या बाईचा हात वरच्या वर राहिला. अक्का थोरल्या दिराला आजवर कधी उलटून बोलली नव्हती. तिनं ताट अप्पांच्या हातात दिलं, पदर नीट केला आणि सरळ त्याच्याकडं पाहून म्हणाली, "म्हंजी भावजी, तुमाला दोनीबी सबूद येतेत."

मग आम्ही घरी जेवायला गेलो. तो वहाणा हातात घेऊन तिथंच उभा होता.